साहेब सगळ्यांत शेवटी

२ फेब्रुवारी

आज लस टोचून घेतली. घरी आल्यापासून दंडावरचा तो चिमुकला कापूस काढवत नाही. सूनबाई म्हणाली, "बाबा, सुई टोचलीय, राज्याभिषेक नाही झाला. टाका तो कापूस आणि जेवून घ्या."

तिला काय सांगू! माजी सैनिकांचा दवाखाना म्हणजे जुन्या कोठाराची इमारत. भिंतींना कमरेपर्यंत हिरवा रंग, वर चुना, आणि बाकडी इतकी अरुंद की बसलेला माणूस आपोआप ताठ होतो. तिथं सिस्टरनी बर्फाच्या डब्यातून कुपी काढली. करंगळीच्या पेराएवढी. ज्या साथीच्या धास्तीनं शहरंच्या शहरं दारं लावून बसली, तिच्यावरचा उतारा एवढ्याशा काचेत मावलेला! मी विचारलं, "एवढीच?" त्या म्हणाल्या, "मग काय आजोबा, बादलीभर हवी होती?"

चौथीत कवितेच्या तासाला गुरुजी डोळे मिटायला लावायचे. चालीवर म्हणत गेलं की शब्द कळण्याआधीच अंगावर काटा यायचा. आज सुई आत गेली तेव्हा मी डोळे मिटले, आणि अगदी तोच काटा आला.

शेजारी माझा जुना सोबती भोंगा बसला होता. डोंगरावरच्या आमच्या चौकीवर मशीनगन त्याच्याकडे असायची, तिनंच त्याचे कान नेले. तेव्हापासून सगळं जगच बहिरं झालंय अशा समजुतीनं तो बोलतो.

"मास्तर, दुखलं का रे?"

"नाही."

"काय?"

"नाही दुखलं!"

"मलाही नाही! उगाच घाबरतात लेकाचे!" समोर रांगेत बसलेले सगळे लेकाचे आमच्याकडे बघायला लागले.

(मला सगळे मास्तर म्हणतात. उभ्या जन्मात मी कुणाला शिकवलं नाही. वायरलेसवर बसून शाळेतल्या कविता गुणगुणायचो, तेवढ्यावर नाव पडलं.)

निघताना डॉक्टरबाईंनी थांबवलं. त्या चौकीवरचे आमचे साहेब लस घेत नाहीत म्हणे. सिस्टर घरी जाऊन हात हलवत परत आल्या. त्यांची छाती आधीच अधू, वरच्या थंडीत ती कामातून गेली ती गेलीच. "साथीनं त्यांना गाठलं तर माझ्या हातात काही राहणार नाही," बाई म्हणाल्या. "तुमचं ऐकतील का?"

साहेब माझं ऐकणार? आजवर ऐकायचं काम माझं होतं.

३ फेब्रुवारी

साहेबांकडे जाऊन आलो. तिसरा मजला, लिफ्ट बंद. प्रत्येक वळणावर कठड्याला टेकून उभा राहिलो आणि ही चढण त्या डोंगराच्या मानानं काय, असं स्वतःला बजावलं. गुडघ्यांना ते पटलं नाही.

साहेब खिडकीजवळच्या खुर्चीत होते. केवढा माणूस आणि केवढासा झालाय! गुडघ्यांवर शाल, शेजारी श्वासाचं यंत्र, खालून मांजर गुरगुरावं तसा त्याचा आवाज. त्यांची मुलगी सगळं बघते. आम्ही तिला ताई म्हणतो. नकाशे काढायच्या कचेरीत होती, वडिलांसाठी नोकरी सोडली. साहेबांना हल्ली कुणाची ओळख राहत नाही. तिला ते 'बाई' म्हणतात, अहो-जाहो करतात, पाणी दिलं की आभार मानतात.

मी दारात उभा राहिलो, तर मान न वळवता म्हणाले, "वायरलेस."

माझी टाच आपोआप टाचेला लागली. "हजर आहे, साहेब."

ताई माझ्याकडे बघतच राहिली. चहा ठेवताना हळूच म्हणाली, "तुमची चाहूल ओळखतात काका. मी दिवसभर या घरात पाय आपटत फिरते."

मी लशीचं काढलं. साहेबांनी उजवा हात डाव्या बाहीवर घट्ट दाबून धरला. "सगळ्यांचं झालं का?"

"हे असं," ताई म्हणाली. "सिस्टर आल्या की हेच. मी सांगते, हो अप्पा, सगळ्यांचं झालं. तर म्हणतात, खोटं."

"खोटं," साहेब म्हणाले.

जिन्यापर्यंत ती सोडायला आली. "माझाही नंबर केव्हाच लागलाय. पण दोन दिवस ताप येतो म्हणतात. मी आडवी झाले तर यांना उठवणार कोण? एकदा यांचं होऊ दे, मग मी बघीन." एवढं बोलून ती घाईनं आत गेली, दूध उतू जात होतं.

खिडकीतून साहेबांच्या चेहऱ्यावर काय ऊन पडलं होतं! जुन्या पुस्तकाच्या पानासारखं पिवळं. परतीच्या वाटेवर तेच डोळ्यांसमोर.

४ फेब्रुवारी

आंघोळ करताना एकदम उमगलं. साबण तसाच टाकून बाहेर आलो. सूनबाई ओरडली, "बाबा, पाय पुसा!"

सगळ्यांचं झालं का! हे तर साहेबांचं भटारखान्यातलं वाक्य!

वरच्या चौकीवर त्या हिवाळ्यात वाट बंद झाली आणि शिधा आटत गेला. संध्याकाळी पातेलं उतरलं की आम्ही ओळीनं उभे. साहेब पातेल्याजवळ. आधी नवे, मग जुने, मग हवालदार, आणि सगळ्यांच्या शेवटी ते स्वतः. पण नुसतं थांबायचे नाहीत. खाऊन झालं की प्रत्येकानं त्यांना ताटली दाखवायची. कारण आमच्यात असे महाभाग होते की जे आजारी सोबत्याला आपला घास देऊन तोंड पुसत यायचे. साहेब तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवत नसत. ताटली बघत, माणूस बघत, मग विचारत, "सगळ्यांचं झालं का?" कधीकधी पातेल्याच्या बुडाला लागलेलं तेवढं त्यांच्या वाट्याला यायचं, आणि ते असं चवीनं खायचे की आम्हालाच वाटावं, आपण घाई केली.

एवढी वर्षं उलटली. या माणसाला स्वतःचं घर ओळखू येत नाही, खुर्ची कुठल्या गावात ठेवलीय ते सांगता येत नाही. पण आपली पाळी शेवटी, हे त्यांच्या हाडात तसंच आहे. मी ओल्या पायांनी बसून राहिलो. माणसाच्या आत एवढं खोल काय असतं, जिथं विसर पोचत नाही?

५ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंना सांगितलं. आधी त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हातारा आणि वर कवितेचा नादी, त्यांना शंका येणारच. मग विचारलं, "म्हणजे सगळ्यांना आणून दाखवायचं?"

"दंड दाखवायचे. ताटलीसारखे."

"आणि सगळे म्हणजे किती?"

"जे उरलेत ते."

बाईंनी टेबलावरचा कागद सरळ केला. म्हणाल्या, "तुमच्यातल्या बऱ्याच जणांपर्यंत आम्ही अजून पोचलोच नाही. चला, या निमित्तानं तरी पोचू. गाडी मी देते. फोन तुम्ही लावा."

८ फेब्रुवारी

कान दुखेपर्यंत फोन. वायरलेसपेक्षा अवघड काम आहे. तिथं निदान समोरचा 'ऐकू आलं' म्हणायचा.

एकाच्या नातवानं मी काहीतरी विकतोय समजून फोन आपटला. एक जण म्हणाला, दवाखाना अधिकाऱ्यांसाठी असतो, आपण कशाला तिथं? निवृत्त झाल्यापासून गुडघ्याला घरचं तेल चोळत बसलाय, दवाखाना आपलाही आहे हे त्याला कुणी सांगितलंच नाही. एकाच्या गावाहून बस बंद झालीय. एक चक्क घाबरला. ज्यानं उजाड कड्यावरून दोर सोडला होता, तो सुईला घाबरतो! मी म्हणालो, साहेब तुझ्यासाठी थांबलेत.  तो म्हणाला, "जेवायचे थांबलेत?" मी म्हणालो, "तसंच समज."

"गाडी केव्हा येते?"

प्रत्येकाला हे एकच वाक्य सांगितलं, आणि एकानंही पुढं प्रश्न विचारला नाही.

१३ फेब्रुवारी

आजचा दिवस कसा लिहू? गुरुजी असते तर म्हणाले असते, डोळे मीट आणि म्हण.

सकाळी दवाखान्यात राहिलेल्या सगळ्यांना टोचलं. वाट बघायच्या खोलीत एकमेकांना ओळखताना जी गंमत झाली! "अरे, तू जिवंत?" "तुझ्या आधी कसा जाईन, तुझ्याकडून कंबरपट्टा यायचाय." भोंग्यानं भलत्याच एका माणसाला मिठी मारली. तो आमचा नव्हताच, दात दाखवायला आला होता. त्यालाही बरं वाटलं असावं, कारण त्यानं सोडवून घेतलं नाही.

मग गाडीनं साहेबांकडे, सिस्टरही बरोबर. लिफ्ट अजून बंद. जिन्यावर म्हाताऱ्यांची रांग, काठ्यांची टकटक, मजल्यामजल्यावर दारं किलकिली झालेली. कुणी म्हणालं, "मास्तर, एखादी चाल धर रे, पाय उचलतील." मी प्रार्थनेची शाळकरी चाल धरली आणि खालपासून वरपर्यंत सगळे दम खात गुणगुणायला लागले. भोंगा वेगळंच काही म्हणत होता, पण तालात.

एकेक जण दारातून आत, बाही वर, साहेबांपुढं दंड. कुणी त्यांना काही शिकवलं नव्हतं. साहेब पुढं वाकून कापूस बघत, मग माणूस बघत. आणि नाव घेत. चुकले नाहीत! केस गेलेले, दात गेलेले, पोटं सुटलेली, आम्ही आरशात स्वतःला ओळखत नाही, आणि साहेब एकेकाला नावानं हाक मारत होते. त्याहून थक्क करणारं म्हणजे, जे गेले त्यांच्यापैकी एकाचंही नाव त्यांनी काढलं नाही. वर बर्फात राहिले ते नाहीत, आणि मागच्या उन्हाळ्यात अंथरुणात गेलेला हवालदारही नाही. कोण आहे आणि कोण नाही, ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.  देवळात पाऊल ठेवल्यासारखं वाटलं.

ताई सगळ्यांना पाणी देत होती. मधेच दाराआड गेली. परत आली तेव्हा डोळे लाल. मी म्हटलं, "ताई, बघा, एकूण एक आठवतो त्यांना!" ती हसली. "हो ना काका. एकूण एक."

सिस्टर पुढं झाल्या. साहेबांनी बाही दाबून धरली.

"एक राहिलाय," ते म्हणाले.

१४ फेब्रुवारी

कोण राहिलाय? सकाळपासून डोकं खाजवतोय. भोंग्याला फोन केला. "मोजून बघ," तो ओरडला. सूनबाईला स्वयंपाकघरात ऐकू गेलं. "बाबा, त्यांना म्हणावं फोन कशाला, खिडकी उघडली तरी चालेल."

१६ फेब्रुवारी

वस्तरा! वस्तराच राहिला!

तो आमच्या भरतीतला नव्हताच. चौकीवर केस कापायला म्हणून चढून आला, आणि तेवढ्यात वाट बंद झाली. सगळा हिवाळा आमच्याबरोबर अडकला. रांगेत उभा राहायला लाजायचा. आपण सैनिक नाही, आपला शिध्यावर काय हक्क, असं त्याचं म्हणणं. साहेबांनी त्याला हाताला धरून ओळीत उभं केलं होतं. या माणसाला आपण विसरलो आणि साहेब विसरले नाहीत.

फोनावर फोन करून पत्ता लागला. अजून दुकान चालवतो. म्हणाला, "मास्तर, तुमच्या दवाखान्यात मला कोण घेणार? माझ्याकडे ना बिल्ला ना पेन्शन." डॉक्टरबाई म्हणाल्या, आणा त्यांना, मी बघते.

१७ फेब्रुवारी

ताईचा फोन आला. त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या माणसाला साथीनं धरलं. पांढऱ्या कपड्यातली माणसं जिन्यानं स्ट्रेचर घेऊन गेली. साहेबांना काल रात्रीपासून खोकला आहे, पण ताप नाही. "आता फार थांबता यायचं नाही, काका," ती म्हणाली. आवाज अगदी कोरडा. मी विचारलं, "तुम्ही जेवलात का?" तर म्हणाली, "बघू."

वस्तऱ्याला उद्या आणतोय. काही वाचवत नाही. जुनं क्रमिक पुस्तक उघडून बसलो आणि चित्रंच बघत राहिलो.

१८ फेब्रुवारी, दुपार

हे आत्ताच लिहून ठेवतो. संध्याकाळपर्यंत थांबलो तर मी हे सजवीन, आणि हे सजवायचं नाही.

वस्तऱ्याला दवाखान्यात टोचलं. सिस्टर आमच्याबरोबरच निघाल्या. फोडलेली कुपी त्याच दिवशी संपवावी लागते, तीत तिघा-चौघांपुरती लस उरली होती. ती बर्फाच्या डब्यात घालून डबा मांडीवर घेतला. तान्हं मूल घेऊन निघावं तशा बसल्या होत्या. भोंगाही आला, नको म्हटलं तरी.

वस्तऱ्यानं दारातच पाय झटकले, आत येऊन दंड दाखवला. साहेबांनी पाहिलं, त्याचं नाव घेतलं आणि म्हणाले, "दाढी वाढलीय."  मग पिशवीतून सामान काढून त्यानं साहेबांची दाढी केली. त्या हातांना वय नाही! फेस, पातं, ओला रुमाल. साबणाखालून आमचे साहेब बाहेर आले. तीच जिवणी, हनुवटीवर तोच खळगा. 

"आता घ्यायची ना साहेब?" मी म्हणालो. "सगळ्यांचं झालं."

त्यांनी बाही धरली. खोकला आला, तो ओसरू दिला. "एक राहिलाय."

माझा धीर सुटला. मी तिथंच पलंगाच्या कडेला बसलो. सिस्टरनी घड्याळाकडे पाहिलं. भोंगा म्हणाला, "खेचर असेल! शिधा आणायचं ते! आता खेचर कुठून आणू?" त्याला वाटलं, आपण पुटपुटलो.

ताई चहा घेऊन आली. आम्हा सगळ्यांना पेले दिले, साहेबांच्या हातात त्यांचा दिला, रिकामा ट्रे घेऊन वळली.

"बाई," साहेब म्हणाले.

ती थांबली.

"दंड दाखवा."

तिला वाटलं, बाही वर करायला मदत हवीय. ट्रे ठेवून ती त्यांच्या बाहीचं बटण काढायला वाकली. साहेबांनी तिचं मनगट धरलं.

"तुमचा."

 सिस्टर म्हणाल्या, "ताई, तुमची अजून नाही झाली?"

"मी... यांची झाली की घेणार होते." ती आमच्याकडे बघत होती, जणू चोरी पकडली गेली. "ताप आला तर यांना कोण..."

"मी आहे," वस्तरा म्हणाला. "दुकानाला कुलूप घालून येतो."

"मीही आहे!" भोंगा. "ऐकू येत नाही, पण उचलता येतं!"

ताई स्टुलावर बसली. बसली म्हणण्यापेक्षा तिला बसावंच लागलं. किती बारीक दंड! हे घर चालवणारा दंड मी कधी पाहिलाच नव्हता. दर खेपेला तिच्या हातचा चहा प्यायलो, आणि फोनवर गावोगाव माणसं शोधत बसलो. सिस्टरनी कुपीतून लस ओढून घेतली. सुई गेली. साहेब शाल सावरत पुढं वाकले आणि त्यांनी कापसाकडे पाहिलं. मग तिच्या चेहऱ्याकडे. तिथं ते पुष्कळ वेळ थांबले, इतरांपाशी थांबले होते त्याहून जास्त. नाव येतंय की काय, असं मला वाटलं. ताईलाही वाटलं असणार.

"अप्पा," ती म्हणाली, "मी कोण आहे?"

साहेबांनी मान हलवली. "माहीत नाही."

तिनं खाली पाहिलं.

"पण आमच्यातल्या आहात," ते म्हणाले.

ताईनं ओंजळीत तोंड घातलं. ती हसतेय की रडतेय ते मला समजेना, आणि मला वाटतं तिलाही नसावं.

साहेबांनी आमच्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. सिस्टरच्या बाहीकडेही पाहिलं. त्या गडबडून म्हणाल्या, "माझी झाली, साहेब. पहिल्याच दिवशी." मग साहेबांनी आपल्या मनगटावरचं बटण काढायला घेतलं. बटण सारखं निसटत होतं. कुणीही मदतीला पुढं झालं नाही. आम्ही उठून उभे राहिलो, भोंगासुद्धा एक शब्द न बोलता. साहेब सावकाश बाही वर करत राहिले.